गवत वाचणाऱ्या इंदुताई

इंदुताई बक्षींनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे फोटो उलटा धरायचा.

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका जुन्या बंगल्यात पडीक जमिनी सुधारायच्या सरकारी खात्याचं आमचं ऑफिस होतं. मी तिथं ट्रेसर म्हणून नुकती लागले होते. नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईनं रेघा उतरवून घ्यायच्या, एवढंच काम. पहिल्या दिवशी इंदुताईंनी माझ्यासमोर विमानातून काढलेला एक मोठा काळा-पांढरा फोटो ठेवला आणि म्हणाल्या, "काय दिसून राहिलं ते सांग."

मला फुगवटे दिसत होते. कढईत टाकल्यावर पुऱ्या टम्म फुगाव्यात तसे गोल गोल फुगवटे, सगळ्या माळभर. मी तसंच सांगितलं.

"अच्छा. पुऱ्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोटो फिरवून खालची बाजू वर केली. बघता बघता सगळ्या पुऱ्या आत बसल्या. माळभर खड्डे झाले. मी दचकून मान मागं घेतली, तर त्या मला निरखत होत्या.

"सावली आपल्याकडं पडली पाहिजे. नाही तर खड्ड्याची टेकडी दिसते. सावली आधी पाहायची, वस्तू मागून."

ते खड्डे तोफेच्या गोळ्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धात जबलपूरच्या दक्षिणेला, बरगीकडं, सैन्यानं गोळाबारीच्या सरावासाठी एक मोठा माळ घेतला होता. गावकरी त्याला बडा टिकरा म्हणत. आधी आजूबाजूच्या गावांची गुरं तिथं चरायची. लढाई संपली, सैन्य गेलं आणि मागं उरला तो चाळण झालेला, गाड्यांनी तुडवलेला लाल मुरूम. पावसाळ्यातही त्यावर तरोट्याच्या तणाशिवाय काही उगवत नसे. आमच्या ऑफिसनं त्याला तारेचं कुंपण घातलं, उताराला आडवे चर खणले, गवताचं बी टाकलं, आणि माळ कितपत सावरला ते पाहायला पावसाळ्यानंतर त्याचे विमानातून फोटो काढवायला सुरुवात केली. ते फोटो वाचायचं काम इंदुताईंचं.

तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, पांढरी किंवा राखी सुती साडी, पायात पुरुषी चपला. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून इकडं आलेले. घरात मराठी बोलत, पण ती आमच्यासारखीच, अर्धी हिंदीत बुडवलेली. लग्न केलं नव्हतं. ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. आमच्या साहेबांपासून जीपचा ड्रायव्हर रामसनेहीपर्यंत सगळे. मी मात्र ताई म्हणायचे, कारण मराठी बोलायला त्यांना तिथं दुसरं कुणी नव्हतं आणि मलाही.

त्यांच्या टेबलावर चार पायांचं एक यंत्र होतं, स्टिरिओस्कोप. त्याच्याखाली शेजारशेजारच्या जागेवरून काढलेले दोन फोटो ठेवले आणि वरच्या भिंगांतून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, की सपाट कागदातून जमीन उठून उभी राहायची. झाडं उंच व्हायची, नाले खोल जायचे. इंदुताई त्यावर वाकल्या की तासन्‌तास हलायच्या नाहीत. चहा गार व्हायचा. हाक मारली तर "थांब, मी टिकऱ्यावर आहे" म्हणायच्या. हे त्या गंमत म्हणून सांगत नसत.

फोटोत सगळं राखाडीच. त्या राखाडीतून त्या गवत कसं ओळखत हे मला बरेच महिने कळलं नाही. तरोटाही गडद दिसतो आणि चांगलं गवतही. मी एकदा एका मोठ्या पट्ट्याला गवत म्हणून खूण केली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि खूण खोडली.

"हा तरोटा आहे. पाहा ना, रवा सांडल्यासारखा दिसून राहिला. गवत असं नसते. गवत म्हणजे धुऊन वाळत घातलेलं घोंगडं. त्याची लव एका बाजूला पडते."

तरीही त्या फोटोवर भरवसा ठेवून थांबत नसत. दर हंगामात जीपनं टिकऱ्यावर जायचं, फोटोत खूण केलेल्या जागी उतरायचं आणि जमिनीशी ताडून पाहायचं. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं कुठं धरली, टोचऱ्या टोकांची कुसळी किती. हे सगळं कुंपणालगत आणि चरांच्या कडेनं. खड्ड्यांच्या बाजूला जायची मनाई होती. परत येताना जीपमध्ये त्या एखादी काडी चघळत बसायच्या आणि रामसनेही म्हणायचा, "दीदी, आप भी चर आईं।" त्या हसायच्या. मोजकं हसायच्या, पण त्या विनोदाला नेहमी हसायच्या.

त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. माझे बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात, गोळे भरायच्या विभागात होते. आमच्याकडं सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की बाबा निघायचे, भोंगा झाला की आई कणीक मळायला घ्यायची. चीनच्या लढाईपासून कारखान्यात जादा पाळ्या सुरू झाल्या त्या कधी नीट थांबल्याच नाहीत. इंदुताई रविवारी आमच्याकडं यायच्या आणि बाबांशी बोलत बसायच्या. दोघांनाही फारसं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांचं बरं जमायचं.

एकदा बाबा म्हणाले, "आमच्याकडं न फुटणारा गोळा निघाला म्हणजे मोठी नाचक्की, बाई. अख्ख्या पाळीची मान खाली जाते."

"अन्‌ फुटणारा निघाला म्हणजे?" इंदुताईंनी विचारलं.

"मग कुणी काही म्हणत नाही," बाबा म्हणाले.

इंदुताई महायुद्धात होत्या. हे मला आईकडून कळलं होतं. तेव्हा बायकांचं एक दल निघालं होतं, त्यात त्या घरच्यांशी भांडून गेल्या. कलकत्त्याकडं कुठंतरी त्यांना फोटो वाचायला शिकवलं आणि त्या ब्रह्मदेशातल्या आघाडीचे फोटो वाचत बसल्या. पूल कुठं आहे, नावा कुठं लपवल्यात, झाडाखाली गाडी आहे का. त्याबद्दल त्या कधी आपण होऊन बोलल्या नाहीत. मी एकदाच विचारलं. दुपारचे डबे उघडले होते आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

"मी पूल शोधायची," त्या म्हणाल्या. "खूण करून द्यायची. मग आठवड्याभरानं त्याच जागेचा फोटो यायचा. त्यात पूल नसायचा. कधी कधी पुलाशेजारची घरंही नसायची."

त्यांनी पोळीचा घास मोडला आणि म्हणाल्या, "तिकडं पुढच्या फोटोत काही तरी कमी असायचं. इकडं पुढच्या फोटोत काही तरी जास्त असते. म्हणून मी हे काम सोडत नाही. समजलं का?"

मला वाटतं त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेलं सगळ्यात मोठं वाक्य तेच.

आणि खरोखर, दर खेपेच्या फोटोत काहीतरी जास्त असायचं. मी लागले तेव्हा टिकऱ्याचा पांढुरका भाग अर्ध्याहून मोठा होता. मग कडेकडेनं राखाडी आत सरकत गेली. चरांच्या ओळींनी गडद रेघा उमटल्या. खड्ड्यांच्या कडा मऊ झाल्या. पाणी साचून तिथं तर सगळ्यात आधी गवत धरलं. इंदुताई मला हाक मारून दाखवायच्या, "पाहा, हा खड्डा मिटून राहिला." जणू कुणाची जखम भरत होती.

पासष्टच्या पावसाळ्यानं दगा दिला. त्यातच सप्टेंबरात लढाई. गावात दिवे काळ्या कागदानं झाकले, बाबा दोन दोन पाळ्या करून यायचे आणि जेवता जेवता बसल्या जागी झोपायचे. विमान येणं शक्यच नव्हतं, त्यामुळं त्या वर्षी टिकऱ्याचे नवे फोटो झाले नाहीत. दिवाळीपर्यंत बरगीकडच्या गावांत वैरण संपली. लोक झाडांचा पाला ओरबाडून गुरांना घालू लागले. आणि कुंपणाच्या आत, बड्या टिकऱ्यावर, वर्षानुवर्षं राखलेलं गवत कमरेएवढं उभं होतं.

सेमरटोल्याचे लोक ऑफिसात आले. झल्लू नावाचा एक गोंड त्यांच्या वतीनं बोलत होता. काटक, चाळिशीचा, खांद्यावर गमछा. त्याच्या दोन म्हशी मेल्या होत्या, एक उरली होती. तो हात जोडून उभा नव्हता. टेबलाला टेकून उभा होता, कारण चालून थकला होता. "दीदी, चारा तो उते ठाड़ो है," तो म्हणाला. "हम देखत हैं और जानवर मरत हैं।"

साहेबांनी इंदुताईंना विचारलं, जमीन चराई सोसेल का. त्यांनी मागच्या सालचे फोटो पुन्हा पाहिले, जीप घेऊन जाऊन आल्या, आणि लिहून दिलं की गवत पुरेसं धरलं आहे, बेतानं चारायला हरकत नाही. गोळ्यांचं काय, हेही त्यांनी विचारलं होतं. फाइलीत एका दुसऱ्या खात्याचा जुना कागद होता, की माळ तपासला, न फुटलेले गोळे काढून नेले. इंदुताईंनी तो कागद दोनदा वाचला. मी समोर होते. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "चलो." कुंपणाचं फाटक उघडलं.

ते गवत त्या हिवाळ्यात कितीतरी गुरांना पुरलं. सेमरटोल्याहून एका बाईनं आम्हाला गाडग्यात तूप पाठवलं होतं.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी झल्लूनं म्हैस बांधायला टिकऱ्यावर खुंटा ठोकायला घेतला. गवत दाट होतं तिथंच, चांगल्या जागी. खुंट्याखाली गोळा होता.

बातमी रामसनेहीनं आणली. तो दारात उभा राहून साहेबांना सांगत होता आणि इंदुताई यंत्रावर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. मग त्यांनी दोन्ही फोटो काढून एकावर एक ठेवले, पाकिटात घातले, आणि उभं राहून म्हणाल्या, "रामसनेही, गाड़ी निकालो।"

साहेब म्हणाले, "अभी मत जाइए दीदी, लोग गुस्से में होंगे।"

"तो होंगे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. लोक रागात नव्हते. रागात असते तर सोपं गेलं असतं. झल्लूच्या घरासमोर सगळे गप्प बसले होते. त्याची बायको सुकरती भिंतीला पाठ लावून बसली होती. आम्हाला पाहून कुणीतरी खाट टाकली, पाणी दिलं. इंदुताई खाटेवर बसल्या नाहीत. सुकरतीसमोर जमिनीवर बसल्या. मग सुकरतीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, माहिती हवी असल्यासारखं,

"दीदी, हवाई जहाज से तो सब दिखत है न?"

"हाँ," इंदुताई म्हणाल्या.

"तो वो काहे नईं दिखो?"

उत्तर होतं. विमानातून गवत दिसतं, गवताखालचं दिसत नाही, आणि गवत जितकं चांगलं येतं तितकं खालचं जास्त झाकतं. हे कुणालाही समजलं असतं. पण नवरा गेलेल्या बाईला ते सांगायचं कसं. त्या तशाच बसून राहिल्या. निघताना सुकरतीनं पदर सावरला आणि आम्हाला जीपपर्यंत पोचवायला आली. रीत म्हणून.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी ताट बाजूला सारलं. तो गोळा त्यांच्या हातचा असणं शक्य नव्हतं. तो वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, त्यांच्या नोकरीच्या आधीचा. तरी ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

चौकशी झाली. वरून आलेल्या अधिकाऱ्यानं सगळे कागद पाहिले आणि कुणाचीच चूक नाही असं ठरलं. माळ तपासल्याचा कागद होता, त्यावर सही होती, सही करणारा कधीच रिटायर झाला होता. अधिकारी सज्जन होता. जाताना इंदुताईंना म्हणाला, "आपकी रिपोर्ट तो घास की थी, मैडम। घास के बारे में आपने सही लिखा।"

"जी," इंदुताई म्हणाल्या. "सही लिखा।"

त्यानंतर त्यांनी टिकऱ्यावरचं गवत पाहणं सोडलं. म्हणजे यंत्रावर त्या तशाच वाकायच्या, पण आता त्यांच्यासमोर जुने फोटो होते. महायुद्ध संपता संपता, गवत यायच्या कितीतरी आधी कुणीतरी काढलेले, पिवळे पडलेले, कडा कुरतडलेले. गोदामातल्या पेट्यांमधून त्यांनीच ते हुडकून काढले होते. त्यांत टिकरा उघडा होता. फुटलेल्या गोळ्याचा खड्डा बशीसारखा रुंद असतो. न फुटता जमिनीत घुसलेल्याचं फक्त भोक राहतं, फोटोत सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. तो ठिपका कधी झुडपाचा असतो, कधी बिळाचा, कधी फोटोवर पडलेल्या धुळीचा. त्या एकेक ठिपका शेजारच्या दोन-तीन फोटोंत शोधायच्या. सगळ्यांत सापडला आणि त्याला झुडपासारखी सावली नसली, की मला म्हणायच्या, "घे, कर खूण." मी ट्रेसिंग कागदावर लाल शाईनं फुली मारायचे.

हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रोजचं काम उरकून त्या ते करायच्या. साहेबांनी एकदा हटकलं, "दीदी, टिकरा तो बंद है अब।"

"बंद आहे म्हणूनच," त्या माझ्याकडं पाहून मराठीत म्हणाल्या. साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

शेवटी तो फुल्यांचा कागद वर गेला, पत्रं झाली आणि बऱ्याच काळानं सैन्याची एक तुकडी आली. त्यांच्या हवालदाराला, हा जाधव नावाचा साताऱ्याकडचा माणूस, इंदुताईंनी टेबलाशी बसवून प्रत्येक फुली समजावून सांगितली. तो अदबीनं ऐकत होता. पुष्कळ फुल्यांखाली काहीच निघालं नाही. काहींखाली निघाले. ते फोडतानाचा आवाज सेमरटोल्यापर्यंत जायचा आणि लोक घराबाहेर येऊन उभे राहायचे. जाधव काम संपल्यावर निरोप घ्यायला आला. "बाई, फुली नव्हती तिथंही एक घावला," तो म्हणाला. त्याला ते सांगावंसं वाटत नव्हतं, पण त्यानं सांगितलं. इंदुताईंनी जागा विचारून घेतली, तिथला जुना फोटो पेटीतून बाहेर काढला, आणि तो दोन दिवस पाहत राहिल्या. तिथं काहीही दिसत नव्हतं. मी पण पाहिलं. नुसती जमीन होती.

साहेबांनी मग माळ निर्धोक असल्याचा कागद तयार केला आणि त्यांच्यापुढं सहीला ठेवला. त्यांनी तो परत केला आणि स्वतःच्या अक्षरात दुसरा लिहिला. मला जे दिसलं त्यावर मी खूण केली आहे, जे दिसलं नाही ते मला माहीत नाही. साहेब वैतागले. असला कागद कुठं चालतो का, म्हणाले. तो चालला नाही. टिकरा बंदच राहिला.

सुकरतीकडं त्या अधूनमधून जात. मी एक-दोनदा बरोबर होते. त्या दोघी फार बोलत नसत. सुकरती महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वेचून वाळवत असायची, इंदुताई शेजारी बसून त्यातला कचरा काढायच्या. एकदा सुकरतीनं त्यांना विचारलं, तुम्ही लग्न का नाही केलं. इंदुताई म्हणाल्या, "रह गया।" सुकरतीनं मान हलवली, जसं कुणी पाऊस राहिला म्हणावं.

मला त्यांच्या डोळ्यांचं कळलं ते चहामुळं. किटलीतून कपात ओतायला गेल्या आणि चहा टेबलावर ओतला गेला, कपाच्या अलीकडं. मी फडकं आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हसले, तर त्याही हसल्या. आणखी काही दिवसांनी त्या यंत्रावर वाकलेल्या असताना एकदम मागं सरल्या, भिंगं पुसली, पुन्हा पाहिलं. फोटो सरकवून नीट बसवले. पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत मागं टेकून बसल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "आज टिकरा सपाट होऊन गेला."

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं, उजव्याचं जाणार होतं. डॉक्टर म्हणाला, आधी यायला हवं होतं. त्या यंत्रातून जमीन उठून दिसायला दोन्ही डोळे लागतात. एका डोळ्याला फक्त कागद दिसतो. मी त्यांना म्हटलं, मी पाहून सांगत जाईन, तुम्ही विचारा. त्यांनी काही दिवस तसं करून पाहिलं. "नाल्याची डावी कड कशी आहे? लव कोणीकडं पडली?" मी सांगायचे. मग एक दिवस विचारायचं थांबल्या. माझ्या सांगण्यात त्यांना टिकरा दिसत नव्हता, हे मला कळत होतं.

एकाहत्तरच्या लढाईच्या थोडं आधी त्यांनी नोकरी सोडली. लढाई लागल्यावर पुन्हा काळे कागद आले, पुन्हा बाबांच्या दोन पाळ्या. आमचे फोटो कुलुपात गेले, किल्ली वर गेली. मी त्यांच्या घरी जाऊन रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे. पूल उडवल्याची बातमी आली की त्या रेडिओ बंद करायच्या, मग थोड्या वेळानं आपणच लावायच्या.

त्या पुढं नागपूरला भाचीकडं राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. मला पत्र उशिरा मिळालं. तिकडच्या इंदुताई मी पाहिल्या नाहीत. मला आठवतं ते त्या जबलपूर सोडण्याआधीचं, लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यातलं.

सैन्यानं बडा टिकरा पुन्हा एकदा, यंत्रं घेऊन, सबंध तपासला होता आणि फाटक उघडायचं ठरलं होतं. इंदुताईंना यायचं होतं. मी त्यांना जीपमधून नेलं. रामसनेहीनं हात धरून उतरवलं. फाटकाशी सेमरटोल्याचे लोक गुरं घेऊन आले होते. साहेबांनी कुलूप काढलं, फाटक ढकललं. कुणीही आत गेलं नाही. गुरांनी माना पुढं काढल्या तर लोकांनी दोर ओढून धरले. साहेब म्हणाले, अरे जाओ, अब कुछ नहीं है। लोक जमिनीकडं पाहत होते. गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि त्याखाली काय होतं ते कुणालाच दिसत नव्हतं.

इंदुताईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि फाटकातून आत चालायला लागल्या. मी "ताई" म्हटलं. "तू थांब तिथंच," त्या मागं न पाहता म्हणाल्या. त्यांना समोरचं फारसं दिसत नव्हतं. पायांनी चाचपत, जरा वाकडं चालल्या होत्या, चरात जातील असं वाटत होतं. तेवढ्यात घोळक्यातून सुकरती निघाली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. गवतातून झपाझप जाऊन तिनं इंदुताईंचा दंड धरला. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. सुकरतीनं त्यांना दिशा बदलून डावीकडं वळवलं, जिथं झल्लूनं खुंटा ठोकला होता तिकडं. तिथं त्या उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग दुसऱ्या अंगानं, चराच्या कडेनं, सबंध टिकरा तुडवत परत आल्या. उन्हं डोक्यावर आली होती. फाटकाशी कुणी बसलं नव्हतं.

त्या परत आल्यावरही लोक लगेच आत गेले नाहीत. एका म्हाताऱ्यानं आपली म्हैस नेली, मग थोड्या वेळानं दुसऱ्यानं. साहेब घड्याळ पाहून दुसऱ्या जीपनं गेले.

इंदुताई आमच्या जीपच्या पायरीवर बसल्या. गुडघ्यापासून खाली त्यांची साडी कुसळांनी भरली होती. कुसळीची टोकं कपड्यात घुसली की झटकून जात नाहीत, एकेक धरून उपटावी लागतात. त्या बोटांनी चाचपून एकेक काढत होत्या. दिसत नसल्यामुळं टोचत होतं, पण थांबत नव्हत्या. सुकरती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि साडीचा दुसरा काठ मांडीवर घेऊन तिकडून काढू लागली.

"हो गए?" थोड्या वेळानं इंदुताईंनी विचारलं.

सुकरतीनं काठ उलटवून पाहिला. "नईं दीदी," ती म्हणाली. "अभै भौत हैं। बैठी रओ।"

इंदुताईंनी पाय जरा पुढं केले आणि बसून राहिल्या.